धावंडेचं पाणी आणि समितीचं इतिवृत्त

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसमधून वाहणारी धावंडा नदी अरुणावतीला मिळते, अरुणावती पैनगंगेला आणि पैनगंगा वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा एक झाल्या की त्यांची प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. दिग्रसच्या नाल्यांतून सुटलेलं सांडपाणी या वाटेने थेट तेलंगणाच्या सीमेकडे निघतं. त्या पाण्याबद्दलचा कागद मात्र उलट्या दिशेने जातो. नगरपरिषदेतून जिल्हाधिकारी कार्यालयात, तिथून मुंबईला, आणि काही कागद दिल्लीपर्यंत. या वाटेवर जागोजागी एखादी समिती बसलेली असते. 'समितीची बैठक झाली' एवढी बातमी आपण वाचतो. ती समिती काय करू शकते, काय करू शकत नाही आणि तिने दिलेल्या सल्ल्याचं पुढे काय होतं, हे सहसा कुणी समजावून सांगत नाही. ते इथे सावकाश पाहू.

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा, कारण तो न कळल्यामुळे लोक चुकीच्या दारात निवेदनं देत राहतात. काही समित्या फक्त सल्ला देतात. त्यांचा ठराव कुणावर बंधनकारक नसतो. काही समित्या देखरेख करतात, म्हणजे ठरलेलं काम झालं का हे विचारतात आणि अहवाल वर पाठवतात. आणि फार थोड्या अशा असतात, ज्यांना कायद्याने आदेश काढण्याचा अधिकार दिलेला असतो. नावावरून हा फरक कळत नाही. तो कळतो समिती ज्या नियमाखाली किंवा शासन निर्णयाखाली नेमली, त्याच्या मजकुरावरून. 'सल्ला देईल', 'आढावा घेईल' आणि 'निर्देश देईल' ही तीन क्रियापदं तिथे शोधायची.

दिग्रसच्या कचऱ्यापासून सुरुवात करू. घंटागाडी दारात येते, कचरा डेपोवर जातो. हे काम नगरपरिषदेचं, म्हणजे प्रत्यक्षात मुख्याधिकारी आणि आरोग्य विभागाचं. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार निवडून आलेल्या नगरसेवकांच्या विषय समित्या असतात आणि स्वच्छता व सार्वजनिक आरोग्याची समिती त्यांतली एक. गावाच्या सर्वांत जवळची समिती हीच. डिसेंबर 2025 च्या निवडणुकांपर्यंत राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होता. प्रशासकाच्या काळात सभागृह नसतं आणि विषय समित्याही नसतात. वॉर्डातली नाली तुंबली हे बैठकीत उभं राहून सांगणारा माणूसच तेव्हा उरत नाही. मला ही उणीव वरच्या पातळीवरच्या कोणत्याही त्रुटीपेक्षा मोठी वाटते.

नगरपरिषदेच्या वर जिल्हाधिकारी. केंद्राने 2016 मध्ये घनकचरा व्यवस्थापनाची नियमावली काढली, तिने जिल्हाधिकाऱ्यांवर दोन कामं सोपवली. कचरा प्रक्रियेसाठी जागा मिळवून द्यायची आणि दर तीन महिन्यांनी किमान एकदा स्थानिक संस्थांच्या कामाचा आढावा घ्यायचा. जागेचा प्रश्न साधा नाही. त्या नियमांप्रमाणे भरावभूमी, म्हणजे कचरा पुरायची जागा, नदीपासून 100 मीटर आणि तळ्यापासून 200 मीटर लांब हवी होती. वस्ती, महामार्ग आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरींपासूनही 200 मीटर. नदीच्या दोन्ही काठांवर वाढलेल्या गावात एवढी अंतरं राखून जमिनीचा तुकडा शोधायला बसलं की महसूल खात्याशिवाय भागत नाही. म्हणून हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलेलं आहे.

त्यानंतर 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आणखी एक पायरी घातली. प्रत्येक जिल्ह्याने जिल्हा पर्यावरण आराखडा करावा आणि जिल्हास्तरीय समितीने त्यावर लक्ष ठेवावं, असा आदेश दिला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यासाठी नमुना दिला. घनकचरा, प्लास्टिक, दवाखान्यांतला जैविक कचरा, पाण्याची गुणवत्ता, सांडपाणी, उद्योगांचं दूषित पाणी, हवा, खाणी, आवाज असे त्याचे विषय. हा आराखडा म्हणजे मुख्यतः तक्ते असतात. किती घरांतून कचरा उचलला जातो, किती घरं ओला-सुका वेगळा देतात, सांडपाणी रोज किती तयार होतं, त्यातलं किती शुद्ध होऊन बाहेर पडतं. वाचायला रुक्ष, पण दिग्रस किंवा जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाबद्दल प्रशासन स्वतः काय मान्य करतं, ते कळायला या तक्त्यांइतकी चांगली जागा दुसरी नाही.

सांडपाण्याचा रकाना कसा भरतात ते पाहा. शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात आणि त्याचा सुमारे 80 टक्के भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो असं मानतात. गाव 40 हजार वस्तीचं धरलं, तर 40 हजार गुणिले 135, त्याचे 80 टक्के, म्हणजे रोजचे सुमारे 43 लाख लिटर. पाणी आठवड्यातून मोजकेच दिवस येत असेल तर हा आकडा प्रत्यक्षात कमी असेल. पण शुद्धीकरण केंद्र किती क्षमतेचं लागेल आणि त्यासाठी किती निधी मागायचा, हे याच हिशेबावर ठरतं.

आता मुंबई. 2016 च्या त्याच नियमावलीत, नियम 23 मध्ये, राज्यस्तरीय सल्लागार मंडळ होतं. नगरविकास विभागाचे सचिव अध्यक्ष. सोबत ग्रामविकास आणि महसूल विभाग, केंद्राच्या दोन मंत्रालयांचे प्रतिनिधी, केंद्रीय आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, आयआयटी किंवा एनआयटीतले तज्ज्ञ, राज्याचे मुख्य नगररचनाकार, उद्योगांचा एक, पुनर्वापर करणाऱ्या उद्योगाचा एक, विषयाचे दोन जाणकार. कचरा वेचणाऱ्यांसाठी किंवा घनकचऱ्यावर काम करणाऱ्या संस्थांसाठी एक जागा. स्थानिक संस्थांसाठी तीन जागा, त्याही आळीपाळीने. मंडळाने सहा महिन्यांतून किमान एकदा बसायचं, अंमलबजावणीचा आढावा घ्यायचा, सरकारला सल्ला द्यायचा आणि अहवालाची प्रत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवायची.

या रचनेकडे दिग्रसहून बघितलं तर काय दिसत होतं? महानगरपालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायती मिळून राज्यात चारशेच्या घरात नागरी संस्था आहेत आणि त्यांच्यासाठी तीन खुर्च्या होत्या. एखाद्या मध्यम नगरपरिषदेची पाळी यायला पिढी गेली असती. वीसेक जणांच्या त्या बैठकीत, रोज हाताने कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या वतीने बोलू शकणारं माणूस जास्तीत जास्त एक. तज्ज्ञ हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण ओला कचरा सुक्यात का मिसळतो, घंटागाडीला दोन कप्पे असूनही डेपोवर सगळं एकत्र का ओतलं जातं, याचं उत्तर गाडी चालवणाऱ्याला आणि डेपोवर काम करणाऱ्यालाच ठाऊक असतं. डिसेंबर 2024 मध्ये केंद्राने या नियमावलीच्या जागी आणण्यासाठी नवा मसुदा प्रसिद्ध केला आणि 2026 मध्ये नवी नियमावली आली, तिच्यात कचरा तीनऐवजी चार प्रकारांत वेगळा करायचा आहे. ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा. त्या चार कप्प्यांची खरी परीक्षा डेपोवर होणार आहे.

मग अशा मंडळाचा सल्ला गावापर्यंत कसा पोचतो? सल्ला सचिवांकडे जातो. पटला, पैसा असला आणि वरून दट्ट्या असला तर शासन निर्णय निघतो. तो नगरपरिषद प्रशासन संचालनालयामार्फत मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर येतो. उलट दिशेने 2016 च्या नियमांनी तारखा बांधून दिल्या. कचरा प्रकल्प चालवणाऱ्याने 30 एप्रिलपर्यंत नगरपरिषदेला आणि नगरपरिषदेने 30 जूनपर्यंत वर वार्षिक अहवाल द्यायचा. हे अहवाल वेळेवर आणि खरे आले तरच सल्ला देणाऱ्यांच्या हातात काही असतं. माहिती चुकीची असेल तर सर्वांत विद्वान मंडळही चुकीचाच सल्ला देणार.

नद्यांच्या बाबतीत वेगळी साखळी आहे. महाराष्ट्रात पाणी प्रदूषणाचा कायदा 1969 चा आणि त्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 मध्ये स्थापन झालं, केंद्राच्या 1974 च्या कायद्याच्या आधीच. केंद्राच्या कायद्याच्या कलम 17 मध्ये राज्य मंडळाची कामं दिली आहेत आणि राज्य सरकारला सल्ला देणं हे त्यातलं एक. म्हणजे कारखान्याला नोटीस देणारं मंडळ कायद्याने सल्लागारही आहे. त्याच्या सदस्यांत सरकारी अधिकारी असतात, स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी असतात, आणि शेती, मासेमारी, उद्योग-व्यापार यांच्या वतीने जास्तीत जास्त तीन बिनसरकारी सदस्य नेमता येतात.

सप्टेंबर 2018 मध्ये हरित लवादाने एका वर्तमानपत्रातल्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. देशात 351 नदीपट्टे प्रदूषित आहेत आणि त्यांतले सर्वाधिक, 53, एकट्या महाराष्ट्रात, असं केंद्रीय मंडळाच्या यादीत होतं. लवादाने प्रत्येक राज्याला चार अधिकाऱ्यांची नदी पुनरुज्जीवन समिती नेमायला सांगितली. पर्यावरण, नगरविकास आणि उद्योग या विभागांचे संचालक आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सदस्य सचिव. या समितीने प्रत्येक पट्ट्याचा कृती आराखडा करायचा आणि केंद्रीय मंडळाने तो तपासायचा.

यादीत नाव कसं येतं, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. नमुना घेणारा माणूस पाण्यात बाटली धरतो आणि हवेचा एकही बुडबुडा आत राहणार नाही अशी ती काठोकाठ भरतो. प्रयोगशाळेत 300 मिलिलिटरच्या, घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत ते पाणी जातं. घाण जास्त असेल तर आधी ठरलेल्या प्रमाणात पातळ करतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजतात आणि बाटली 27 अंश तापमानाच्या अंधाऱ्या कपाटात तीन दिवस ठेवतात. पाण्यात सेंद्रिय घाण असेल तर ती खाणारे जिवाणू या तीन दिवसांत प्राणवायू संपवत जातात. चौथ्या दिवशी पुन्हा मोजलं की फरक कळतो. हा फरक म्हणजे बीओडी, लिटरला किती मिलिग्रॅम अशा भाषेत. आंघोळीच्या लायकीच्या पाण्यात तो 3 च्या आत हवा. 3 च्या वर गेला की पट्टा प्रदूषित आणि 30 च्या वर गेला की पहिल्या प्राधान्याचा. माशांना लागणारा प्राणवायू जिवाणूंनीच ओढून घेतला की नदीत मासा टिकत नाही. पुस्तक न वाचताही काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना हे माहीत असतं.

पैनगंगेचा मेहकर ते उमरखेड हा पट्टा त्या यादीत आला. अरुणावती पैनगंगेला मिळते ती त्याच्याही खाली. यादीत यायला आधी नमुना घ्यावा लागतो आणि नमुने घेण्याची ठरलेली ठिकाणं बहुतेक मोठ्या नद्यांवर असतात. ज्या ओढ्या-नद्यांवर केंद्रच नाही, त्यांचा आकडा नाही. आकडा नाही म्हणून यादीत नाव नाही, आणि यादीत नाही म्हणून कृती आराखडा नाही. तालुक्याच्या गावांमधून जाणाऱ्या कितीतरी नद्या अशाच नजरेबाहेर राहतात. सल्लागार समितीकडे एकच मागणी करायची असेल तर मी हीच करीन: आमच्या नदीवर नमुना केंद्र द्या.

सल्ला मानला नाही तर काय होतं, त्याचा एक आकडा आहे. सप्टेंबर 2022 मध्ये हरित लवादाने सांडपाणी आणि घनकचरा यांतल्या कमतरतेबद्दल महाराष्ट्राला सुमारे 12 हजार कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई ठोठावली. शुद्ध न होणाऱ्या दर दहा लाख लिटर सांडपाण्यामागे 2 कोटी रुपये, असा हिशेब होता. या आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. पण तो हिशेब वर काढलेल्या 43 लाख लिटरला लावून पाहा. एका मध्यम गावाच्या वाट्याला साडेआठ कोटींहून थोडे जास्त येतात.

सल्लागार समितीला कुणी विचारत नाही, असं म्हणून निराश होण्यात मात्र अर्थ नाही, कारण उलट उदाहरणंही आपल्याच देशातली आहेत. 1996 मध्ये बंगळुरूच्या अलमित्रा पटेल यांनी शहरांच्या कचऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने 1998 मध्ये असीम बर्मन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचं काम केवळ शिफारशी करण्याचं होतं. अहवाल 1999 मध्ये आला आणि 2000 मध्ये देशाची पहिली शहरी घनकचरा नियमावली निघाली. दारोदार कचरा गोळा करणं, ओला-सुका वेगळा करणं, या आज घंटागाडीच्या भोंग्यातून ऐकू येणाऱ्या गोष्टी त्या अहवालातून नियमांत आल्या. सल्ल्यामागे न्यायालय उभं होतं, म्हणून तो कपाटात पडून राहिला नाही.

दुसरं उदाहरण महाराष्ट्रातलं, डहाणूचं. 1991 मध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर 1996 मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, दादा धर्माधिकारींचे चिरंजीव, विदर्भाच्या गांधीवादी परंपरेत वाढलेले. याला 'समिती' म्हटलं नव्हतं, 'प्राधिकरण' म्हटलं होतं आणि पर्यावरण संरक्षण अधिनियमाच्या कलम 5 खाली निर्देश देण्याचे अधिकार त्याला होते. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राने धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवावी, असा आदेश प्राधिकरणाने 1999 मध्ये दिला. पुढे बरीच वर्षं खटपट चालली आणि 2007 मध्ये ती यंत्रणा सुरू झाली. धर्माधिकारी 2019 मध्ये निधन होईपर्यंत अध्यक्ष होते. दोन गोष्टी तिथे एकत्र आल्या: कायद्याने दिलेला अधिकार आणि एकाच माणसाने दोन दशकं सोडून न दिलेला पाठपुरावा. त्याच प्राधिकरणाने 2023 मध्ये, नव्या अध्यक्षांच्या काळात, डहाणूजवळच्या वाढवण बंदराला संमती दिली. तिथल्या मच्छीमारांना त्या निर्णयाने फार दुखावलं. अधिकार असणं म्हणजे निर्णय आपल्या बाजूने लागणं नव्हे, हेही त्यातून दिसतं.

अधिकार नसतानाही सल्ला कसा वजनदार होतो, ते बघायला थोडं लांब, अमेरिकेत जावं लागेल. वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी हॅनफर्ड इथे दुसऱ्या महायुद्धापासून प्लुटोनियम तयार होत असे. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बचं प्लुटोनियम तिथलंच. मागे उरला किरणोत्सारी गाळ, जमिनीखालच्या 177 टाक्यांमध्ये. त्याच्या सफाईवर सल्ला देण्यासाठी 1994 मध्ये हॅनफर्ड सल्लागार मंडळ बसवलं गेलं. त्यात आदिवासी राष्ट्रांचे प्रतिनिधी आहेत, आजूबाजूच्या गावांचे आहेत, सफाईच्या कामावरचे कामगार आहेत, आरोग्य आणि पर्यावरणावर काम करणारे लोक आहेत. मंडळ कुणालाही हुकूम देऊ शकत नाही. पण एकमताने ठरलेला सल्ला क्रमांक घालून लेखी दिला जातो आणि सरकारी खात्याकडून त्याला लेखी उत्तर येतं. तिथल्या संघराज्य सरकारच्या सल्लागार समित्यांसाठी 1972 पासून कायदाच आहे. बैठकीची सूचना आधी प्रसिद्ध करायची, बैठक लोकांना खुली ठेवायची, इतिवृत्त पाहायला द्यायचं.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. पण माहिती अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 4 मध्ये एक पोटकलम आहे, ज्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. दोन किंवा अधिक माणसांची, सल्ल्यासाठी नेमलेली जी मंडळं, परिषदा आणि समित्या प्रत्येक कार्यालयात असतील त्यांची यादी कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायची. त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त मिळतं का, हेही सांगायचं. हे मागण्यासाठी अर्ज करायची गरज पडू नये, असा कायद्याचा हेतू आहे. पडलीच तर महाराष्ट्रात जोडपत्र 'अ', 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांत. जिल्हाधिकारी कार्यालयाकडे मागायचं ते असं: जिल्हा पर्यावरण समिती ज्या आदेशाने नेमली त्याची प्रत, गेल्या दोन वर्षांतल्या बैठकांची इतिवृत्तं आणि त्यावरचे कार्यवाही अहवाल. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील, 20 रुपयांच्या स्टॅम्पसह.

कागद हातात आले की ठरावांची भाषा वाचत बसण्याआधी हजेरी पाहावी. अध्यक्ष स्वतः होते की प्रतिनिधी पाठवला होता, अशासकीय सदस्य आले होते का, नगरपरिषदेकडून मुख्याधिकारी आले की कनिष्ठ कर्मचारी. मग मागच्या बैठकीतले विषय या बैठकीच्या 'कार्यवाही' रकान्यात शोधावेत. 'संबंधितांस सूचना देण्यात आल्या' असं लिहिलेलं असेल तर संबंधित कोण आणि सूचना कोणत्या तारखेच्या पत्राने दिली, हा पुढच्या अर्जाचा विषय. एखाद्या ओळीपुढे अधिकाऱ्याचं पद, तारीख आणि रक्कम अशा तिन्ही गोष्टी असतील, तर ते काम दाखवा म्हणून मुख्याधिकाऱ्यांसमोर ती ओळ ठेवता येते.